ओसाकातले अहो

दर वर्षी थंडी पडली की मी कपाटातून कोट काढते आणि खिशात हात घालते, तर गोळ्या निघतात. लिंबाच्या, आल्याच्या, काळ्या साखरेच्या. यातली एकही मी विकत घेतलेली नसते. ओसाकात ट्रेनमध्ये शेजारी बसलेली कुठलीही मावशी पर्स उघडून एक गोळी आपल्या हातावर ठेवते, आपण वाकून आभार मानतो, गोळी खिशात जाते आणि विसरली जाते. किश्शांचं तसंच होतं. मुद्दाम कुणी जमवत नाही. कुठल्यातरी रविवारी कुणी काही बोलतं, आपण हसतो, घरी येतो, आणि कधीतरी ट्रेनमध्ये पेंग येता येता ते हाताला लागतं.

मला ट्रेनमध्ये फार झोप येते. माझं ऑफिस नदीपलीकडे आहे, आणि गाडी पुलावर चढून तिचा आवाज बदलला की माझे डोळे मिटतातच. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं काही जागेपणी ऐकलेलं आहे आणि काही अर्धवट झोपेत. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, ‘मंजिरीच्या गोष्टीत थोडं धुकं असतंच.’ असू दे. आमच्या नदीवरही सकाळी असतं.

तर आमचा कट्टा. नदीकाठच्या मैदानात निळी ताडपत्री पसरून रविवारी दुपारी बसणारी पाच डोकी. मी आणि श्रीकांत. सांगलीची नीलिमा आणि तिचा नवरा दिलीप. आणि पल्लवी, विद्यापीठात पोस्टडॉक करणारी, आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत ठाम. विषय पोह्यांवरून निघो की भूकंपावरून, चारच्या सुमारास पल्लवी तो स्त्री-पुरुष समानतेवर आणून टेकवायची. पाच वाजता वस्तीतल्या भोंग्यांमधून मुलांना घरी बोलावणारी एक संथ धून वाजते. ती वाजली की वाद असेल तिथे सोडून आम्ही ताडपत्री झटकायचो.

एका हिवाळ्यात मात्र वाद सुटत नव्हता, कारण तो नीलिमाच्या घरचाच होता. दिलीपचं पोस्टिंग मार्चअखेर संपत होतं आणि कंपनी त्याला पुण्याला परत बोलावत होती. नेमकं त्याच वेळी नीलिमाला, जी लोणच्याच्या कारखान्यात पार्टटाइम भाज्या खारवत खारवत त्यांच्या टेस्टिंग लॅबपर्यंत पोचली होती, कंपनीने कायम होशील का म्हणून विचारलं होतं. दोघांनाही आपापल्या ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. आणि घरी कुणीच कुणाला प्रश्न विचारलेला नव्हता.

*

नीलिमा लग्न झाल्यापासून दिलीपला अहो म्हणते. आमची नुकती ओळख झाली होती तेव्हाची गोष्ट. दोघं स्टेशनवर उभी होती, गाडी आली, दिलीप गर्दीबरोबर पुढे सरकला आणि त्याची छत्री बाकावरच राहिली. नीलिमा मागून ओरडली, ‘अहो! अहो, छत्री!’

दिलीपने वळून बघितलं. त्याच्याबरोबर अख्ख्या फलाटाने बघितलं. शाळेच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. गळ्यात बिबट्याच्या ठिपक्यांचा स्कार्फ बांधलेली एक मावशी सरळ दिलीपपाशी आली, त्याच्या दंडावर थोपटलं, काहीतरी बोलली आणि त्याच्या हातावर गोळी ठेवून गेली.

दिलीप नंतर जो भेटेल त्याला सांगत सुटला, ‘इथली माणसं फार मायाळू. छत्री सापडली तरी तोंड गोड करतात.’

रविवारी पल्लवीला हे कळलं. तिने आधी चहाचा कप खाली ठेवला.

‘दिलीपदादा, ओसाकात अहो म्हणजे मूर्ख.’

नीलिमा हळूच म्हणाली, ‘म्हणजे मी सगळ्या स्टेशनासमोर…’

‘मूर्खा, छत्री, असं ओरडलीस.’

नीलिमाने ओढणीत तोंड लपवलं. मावशीचं वाक्य दिलीपने मायेने पाठ करून ठेवलं होतं. ते त्याने म्हणून दाखवलं, ‘ताइहेन या ना.’ पल्लवीने अर्थ सांगितला, ‘अवघड आहे बाबा तुझं.’

*

मग हाक काय मारायची? नीलिमाला नवऱ्याचं नाव घेणं जमेना. संस्कार वगैरे काही नाही, ती म्हणायची, जीभच वळत नाही. पल्लवीचा नियम सोपा होता. ‘एकतर दोघांनी अहो म्हणा, नाहीतर दोघांनी अरे-अगं. तो तुला अगं म्हणणार आणि तू त्याला अहो, हे कुठल्या हिशेबात बसतं?’

मी श्रीकांतला पहिल्या दिवसापासून अरे म्हणते. त्यामुळे या विषयात मी पास झालेली आहे अशी माझी समजूत होती. ‘अरे, चहा घे,’ असं मी रोज सकाळी म्हणते आणि चहा नेऊन देते. अरे आपल्या जागी आणि चहा आपल्या जागी.

शेवटी नीलिमाने जपानी तोडगा काढला, ऑफिसात जोडतात तसा नावाला आदराचा ‘सान’. एका रात्री जेवताना तिने हाक मारली, ‘दिलीप-सान, भात वाढू?’ दिलीप ताडकन ताठ बसला आणि शर्टाचं वरचं बटण लावून दाराकडे बघायला लागला. त्याला वाटलं, ऑफिसातून कुणी आलं.

*

त्यानंतर नीलिमाच्या सासूबाई सांगलीहून आल्या. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सून नवऱ्याला हाक मारायच्या आधी घुटमळते हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं.

‘काय गं, अहो म्हणायला लाज वाटते का तुला परदेशात?’

नीलिमाने घाबरत घाबरत अर्थ सांगितला. सासूबाईंनी तो दोनदा विचारून पक्का करून घेतला. मग त्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी सांगलीला फोन लावला.

‘अहो, जेवलात का? अहो, औषध घेतलंत ना? अहो, मी म्हणते, अहो!’

नीलिमा सांगते, मागे वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या, ऊन कलत होतं, आणि सासूबाई कठड्याला धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. पलीकडून सासरे विचारत होते, ‘हसतेस काय?’

‘काही नाही हो,’ त्या म्हणाल्या, ‘इथली हवा फार चांगली आहे.’

राहिल्या तेवढे दिवस त्या रोज फोन करत. एरवी आठवड्यातून एकदाही करत नसत.

*

आमच्या शेजारी फुजिमोतो-सान राहतात. कचरा वेगळा कसा करायचा हे मला त्यांनी शिकवलं आणि आमटीला फोडणी कशी घालायची ते मी त्यांना. त्या आपल्या नवऱ्याचा उल्लेख ‘शुजिन’ असा करतात. एकदा त्या ताडपत्रीवर आल्या तेव्हा पल्लवीने त्यांना धरलंच. शुजिन म्हणजे मालक. नवऱ्याला मालक कसं काय म्हणता तुम्ही?

फुजिमोतो-सान म्हणाल्या, ‘तुमच्या भाषेत काय म्हणतात?’

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. माझी मावशी अजून ‘आमचे मालक’ म्हणते. नीलिमाच्या गल्लीत ‘यजमान’ चालतं. मी ‘यजमान’ सांगितलं, कारण ते जरा सभ्य वाटलं.

‘यजमान म्हणजे नेमकं कोण?’

‘जो पाहुण्यांना घरी बोलावून जेवू घालतो तो.’

फुजिमोतो-सान विचारात पडल्या. त्यांनी श्रीकांतकडे बघितलं, दिलीपकडे बघितलं, मग आदराने किंचित वाकल्या. ‘किती छान! तुमच्याकडे स्वयंपाक नवरे करतात.’

श्रीकांतला त्या वेळी नदीत काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

*

पल्लवीच्या लॅबमध्ये डेन्मार्कची एक संशोधक होती. तिच्यामागे तिचा नवरा लार्स जपानला आला होता आणि घरी बाळ सांभाळायचा. बाहेर हवा वाईट होती म्हणून एका रविवारी सगळे आमच्या घरी जमलो. पुऱ्यांचा बेत होता. लार्सने पुरी फुगताना पहिल्यांदाच पाहिली आणि तो कढईपासून हलेना. झारा माझ्या हातातून त्याच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही.

इकडे बैठकीत श्रीकांतने मुद्दा मांडला, ‘हे बघा, पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न सुटलेला आहे. आपल्याकडे वेळ लागेल.’

पल्लवीने ते भाषांतर करून स्वयंपाकघरात पोचवलं. लार्स आतून म्हणाला, ‘सुटलेला? आमच्याकडे तो रोज सकाळी सुटतो आणि संध्याकाळी परत अडकतो. काल बाळाची नखं कुणी कापायची यावर आम्ही दोघं पाऊण तास बोललो.’

‘मग कुणी कापली?’

‘बाळाने चावून टाकली.’

हे नीट ऐकायला म्हणून श्रीकांत आत आला, त्याच्यामागे दिलीप. लार्स तळतोय, बाळ त्याच्या पाठीला बांधलेलं झोपलंय, सगळीकडे तुपकट वाफ, आणि दोन मराठी पुरुष फ्रिजला टेकून समता ऐकतायत. लग्नानंतर श्रीकांत आमच्या स्वयंपाकघरात इतका वेळ उभा राहिल्याचं मला आठवत नाही. मी बाहेर सोफ्यावर बसले आणि मला छान झोप लागली.

डोळे उघडले तेव्हा बाकीचे जेवत होते. स्वयंपाकघराच्या दारात दिलीप लार्सला हळू आवाजात विचारत होता, ‘दिवसभर तू करतोस काय?’

‘बाळाचं सगळं. आणि बाळ झोपलं की घाबरतो.’

‘कशाला?’

‘संध्याकाळी कुणी हेच विचारेल म्हणून.’

दिलीप हसला नाही. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

*

त्यानंतरचा रविवार थंडीचा होता. नदीवरून पांढरट ऊन आलं होतं आणि आम्ही कोट न काढता संत्री सोलत बसलो होतो. पल्लवीने वाक्य टाकलं, ‘दिलीपदादा, तुम्हीच का नाही राहत? नीलिमाताईला कंपनी व्हिसा देईल. तुम्ही तिच्या व्हिसावर डिपेंडंट व्हा.’

दिलीप हसला. वाईट हसला नाही, सवयीने हसला. ‘मी डिपेंडंट? आणि दिवसभर काय करू?’

नीलिमा संत्र्याच्या शिरा काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी करत होते ते.’

‘तू काय करत होतीस?’

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की हा प्रश्न त्याने तिला आजवर विचारलाच नव्हता.

मग नीलिमाने सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात घर फार गार असायचं. दिलीप सकाळी गेला की भिंतींचाही आवाज येत नसे. भाषा येत नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं. एक दिवस ती शहराभोवती गोल फिरणाऱ्या लूप लाइनमध्ये बसली. तिथे सीटखालून ऊब येते. मांडीवर पिशवी धरून ती बसून राहिली, आणि गाडी फिरून पुन्हा त्याच स्टेशनात आली तरी उतरली नाही. मग रोजच जायला लागली. शेजारी माणसं बसायची, कधी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. तिला ते आवडायचं. कुणाचं तरी वजन वाटायचं, म्हणाली. स्टेशनांची नावं कानावर पडून पडून पाठ झाली, तेच तिचं पहिलं जपानी. दिलीप घरी यायच्या आत ती परत येऊन कुकर लावायची.

‘संध्याकाळी तुम्ही विचारायचात, आज काय विशेष? मी म्हणायचे, काही नाही. आणि ते खरंच होतं.’

मला फार वाईट वाटलं. त्या हिवाळ्यात मीही याच शहरात होते, कदाचित त्याच गाडीत समोर बसून झोपलेही असेन.

‘मला परत नाही जायचं,’ नीलिमा म्हणाली. ‘लोणच्यासाठी नाही. मला संध्याकाळी सांगायला काहीतरी असतं आता.’

पाचची धून वाजली. मैदानातली मुलं सायकली उचलून निघाली. ताडपत्री कुणी झटकली नाही.

*

त्याच महिन्यात एकदा ऑफिसच्या कामासाठी मला भरदुपारी लूप लाइनने जावं लागलं. झोप लागली हे वेगळं सांगायला नको. उतरायचं स्टेशन गेलं, पुढचंही गेलं. मग कधीतरी जाग आली तर डबा जवळजवळ रिकामा, फरशीवर उन्हाचे चौकोन सरकतायत, आणि समोरच्या सीटवर दिलीप. सूट घातलेला, मांडीवर बॅग, दोन्ही हात बॅगेवर. मला आधी ते स्वप्नच वाटलं.

‘दिलीपराव? ऑफिस नाही का आज?’

‘सुट्टी घेतली.’

‘कुठे निघालात?’

‘कुठेच नाही.’

गाडी एका स्टेशनात थांबली, दारं उघडली, गार वारा आत आला, दारं मिटली.

‘ती काय बघत होती ते बघतोय,’ तो म्हणाला. मग मांडीवरची बॅग सावरत म्हणाला, ‘घरांच्या मागच्या बाजू दिसतात नुसत्या. वाळत घातलेले कपडे. वहिनी, तिसऱ्या फेरीला मला रडू आलं.’

मी खिशात हात घातला तर आल्याची गोळी होती, ती मी त्याला दिली. त्याने ती तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी माझ्या स्टेशनावर उतरले. तो उतरला नाही.

नीलिमाला मी हे सांगितलं नाही. त्याने सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

*

एप्रिलमधली सकाळ. दिलीपचं पोस्टिंग संपून आठवडा झाला होता. आमचं आणि नीलिमाचं स्टेशन एकच, त्यामुळे आम्ही दोघी फलाटावरच्या रांगेत उभ्या होतो. तिने नवा काळा सूट घातला होता आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी उभ्या उभ्या पेंगत होते, तेव्हा साक्षीला मला धरू नका. पण एवढं मी पाहिलं.

जिन्यावरून धप धप आवाज आला. दिलीप वर आला, धापा टाकत, पायात घरातल्या सपाता, पोटावर नीलिमाचा फुलाफुलांचा एप्रन, हातात रुमालात बांधलेला डबा. त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळे काळे सूट, सगळ्या पाठी सारख्या. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

‘अहो! अहो, डबा!’

अख्ख्या फलाटाने वळून बघितलं. नीलिमाने सगळ्यांत शेवटी. तिचा चेहरा मला दिसला, पण तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी डबा घेतला.

रांगेत आमच्यापुढे एक मावशी होती. गळ्यात बिबट्याचे ठिपके. तीच की दुसरी, देव जाणे. ती तरातरा आली, दिलीपकडे डोळे वटारून बघितलं आणि नीलिमाच्या हातावर गोळी ठेवली.

‘काय गं, तुला अहो म्हणाला हा? सगळ्यांसमोर?’

‘हो,’ नीलिमा अस्सल ओसाकाच्या हेलात म्हणाली. ‘आमच्याकडे घरातल्या मानाच्या माणसाला अशीच हाक मारतात.’

मावशी विचारात पडली. तिने एप्रनकडे बघितलं, सपातांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. पर्स पुन्हा उघडली आणि दिलीपलाही एक गोळी दिली. मग ती मागे वळली. तिथे तिचा म्हातारा दोन्ही हातांत तिच्या पिशव्या धरून मुकाट उभा होता.

‘अहो,’ ती त्याला म्हणाली, ‘गाडी आली.’